भायखळ्याच्या तुरुंगातील लसीकरण : डॉ. हाफकिन

सोलापूर - कारागृहातील साथ आवरायची तर कैद्याला विचारायचे की नुसता हुकूम द्यायचा? राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २०२३ मध्ये देशभरातील कारागृहांत लैंगिक संक्रमित आजार, एचआयव्ही, क्षयरोग आणि कावीळ यांच्या तपासणीची मोहीम राबविली, तेव्हाही हा प्रश्न होताच. २०१७ च्या कायद्याने एचआयव्ही चाचणीपूर्वी व्यक्तीची संमती आवश्यक ठरविली आहे. मुंबई इलाख्यात मात्र या प्रश्नाशी सव्वाशे वर्षांपूर्वीच एका परदेशी शास्त्रज्ञाची गाठ पडली होती.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथील ज्यू कुटुंबात झाला. विद्यार्थिदशेत ज्यूंवरील हल्ल्यांचा प्रतिकार करताना त्यांना अटक झाली होती. म्हणजे कोठडी त्यांना अपरिचित नव्हती. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली, १८९२ मध्ये ती स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ मध्ये ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्याच मदतीवर हाफकिन यांनी लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली मात्रा त्यांनी स्वतःच घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. दाटीवाटीने कोंडलेल्या माणसांना पळून जाण्याचीही सोय नव्हती. हाफकिन यांनी सक्ती केली नाही. जे कैदी स्वेच्छेने पुढे आले, त्यांनाच लस टोचण्यात आली. टोचण्यापूर्वीच ज्यांच्या अंगी रोग भिनला होता, असे काही दगावले. त्यानंतर मात्र टोचलेल्यांत दोघेच आजारी पडले व दोघेही वाचले; न टोचलेल्यांत बारा जणांना लागण होऊन निम्मे मरण पावले.

१८९८ मध्ये उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना ओळीने बसवून एकाआड एकाला लस देण्यात आली. निष्कर्ष तसाच निघाला. शास्त्राच्या दृष्टीने ही पद्धत अधिक काटेकोर, पण ओळीतल्या कैद्याला नकाराची मुभा कितपत उरली असेल, ही शंका राहतेच. पुण्यात याच काळात प्लेग प्रतिबंधाच्या नावाखाली लष्कर घरात घुसवले गेले आणि जून १८९७ मध्ये रँडचा वध झाला, हेही येथे आठवावे.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मृत्युमुखी पडले. दोष एका कुपीतील दूषिताचा होता. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर करण्यात आले. सर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी बाजू लावून धरल्यावर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. ते कोलकात्यास परतले, पण परळच्या प्रयोगशाळेची सूत्रे त्यांना पुन्हा मिळाली नाहीत. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.