शांत शास्त्रज्ञ : जॉन बार्डीन

आपल्याकडे वडीलधारी माणसे छोट्या रेडिओला ‘ट्रान्झिस्टर’ म्हणत. खरे तर ट्रान्झिस्टर हा त्या रेडिओच्या पोटातला एक लहानसा भाग. तो जगाला देणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक होते जॉन बार्डीन.

बार्डीन यांचा जन्म २३ मे १९०८ रोजी अमेरिकेतील मॅडिसन शहरात झाला. लहानपणीच त्यांची आई वारली. जॉन अबोल होते, पण गणितात फार हुशार होते. वयाच्या पंधराव्या वर्षी ते विद्यापीठात दाखल झाले आणि विद्युत अभियांत्रिकी शिकले. पुढे एका तेल कंपनीत त्यांना नोकरी मिळाली. तेव्हा अमेरिकेत मंदी होती व लाखो लोक बेकार होते. तरीही १९३३ साली त्यांनी ती नोकरी सोडली आणि ते प्रिन्स्टन विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी झाले.

१९४५ साली ते बेल प्रयोगशाळेत आले. त्या काळी रेडिओत आणि टेलिफोन यंत्रणेत काचेच्या निर्वात नळ्या असत. त्या तापत, खूप वीज खात आणि जळून जात. विभागप्रमुख विल्यम शॉकली यांनी नळीऐवजी अर्धवाहक वापरण्याची योजना आखली होती. पण प्रयोग फसला. बार्डीन यांनी फसण्याचे कारण शोधले. अर्धवाहकाच्या पृष्ठभागावर अडकलेले इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्राला आत जाऊ देत नव्हते. मग बार्डीन विचार करीत आणि त्यांचे मित्र वॉल्टर ब्रॅटन प्रयोग करीत. १६ डिसेंबर १९४७ रोजी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याची दोन टोके अगदी जवळजवळ टेकवून त्यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला.

ट्रान्झिस्टर बटणासारखेही काम करतो. त्याच्या एका पायाला थोडी वीज दिली, की दुसऱ्या दोन पायांमधून जास्त वीज वाहते. मात्र प्रत्येक ट्रान्झिस्टरची ताकद ठरलेली असते. समजा, १२ व्होल्टचा रिले ३० मिलिअँपिअर वीज घेतो. ‘बीसी ५४७’ हा ट्रान्झिस्टर ४५ व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअरपर्यंत टिकतो, म्हणून तो चालेल. तो पूर्ण चालू व्हावा म्हणून त्याच्या ‘बेस’ या पायाला दहावा हिस्सा, म्हणजे सुमारे ३ मिलिअँपिअर वीज द्यावी. रिलेच्या गुंडाळीला उलट दिशेने डायोड जोडावा; नाहीतर रिले बंद होताना उसळणारा दाब ट्रान्झिस्टरला मारतो. पण अर्धा अँपिअर घेणारी मोटर लावली, तर हाच ट्रान्झिस्टर जळेल. तेथे मोठाच ट्रान्झिस्टर हवा. माणसाप्रमाणे वस्तूवरही तिला पेलेल इतकेच ओझे टाकावे.

यश मिळाले, पण प्रयोगशाळेतली दोस्ती टिकली नाही. श्रेयावरून शॉकली नाराज झाले. पुढच्या कामापासून त्यांनी बार्डीन आणि ब्रॅटन यांना दूर ठेवले. बार्डीन यांनी भांडणात आयुष्य घालवले नाही. १९५१ साली ते इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१९५६ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. समारंभाला बार्डीन यांनी आपल्या तीन मुलांपैकी एकालाच आणले होते. स्वीडनच्या राजांनी त्याबद्दल गोड तक्रार केली. पुढच्या वेळी सर्वांना आणीन, असे बार्डीन यांनी सांगितले. ती थट्टाच होती. परंतु १९५७ साली त्यांनी कूपर व श्रीफर यांच्यासह अतिवाहकतेचे कोडे सोडवले. त्यासाठी १९७२ साली त्यांना पुन्हा नोबेल मिळाले आणि या वेळी तिन्ही मुले हजर होती! भौतिकशास्त्राचे नोबेल दोनदा मिळवणारे ते एकमेव शास्त्रज्ञ आहेत.

३० जानेवारी १९९१ रोजी बार्डीन यांचे निधन झाले. आज एका मोबाइलमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. कमी बोलणाऱ्या या माणसाच्या मेहनतीमुळे आज सारे जग एकमेकांशी बोलते आहे.