तारेचा पीळ मोजणारा कूलोम

सतारीची तार घेताना दुकानदार आधी नंबर विचारतो. एका नंबराचा फरक डोळ्यांना दिसत नाही, बोटांना मात्र कळतो. तारेला पीळ दिला असता जाडीतला हाच फरक किती मोठा होतो, हे एका फ्रेंच लष्करी इंजिनिअराने मोजून दाखविले.

शार्ल कूलोम यांचा जन्म १७३६ साली आंगुलेम येथे झाला. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात त्यांची सुमारे आठ वर्षे गेली आणि प्रकृती कायमची ढासळली. १७८१ मध्ये ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे सभासद झाले. पुढे ब्रिटनीतील कालव्यांची योजना तपासताना त्यांनी प्रतिकूल अभिप्राय दिला. या प्रकरणात १७८३ मध्ये त्यांना काही दिवस कैद भोगावी लागली. पण अभिप्राय बदलला नाही. अखेर त्यांचेच म्हणणे पटले. देऊ केलेले बक्षीस नाकारून त्यांनी फक्त सेकंद दाखविणारे एक घड्याळ स्वीकारले व ते प्रयोगांत वापरले, असे सांगतात.

१७८४ मधील त्यांच्या प्रयोगांसाठी तारा आल्या त्या वाद्याच्याच. हार्पसिकॉर्डच्या लोखंडी व पितळी तारांना वजन टांगून ते पीळ देत आणि सोडून दिल्यावर होणारे हेलकावे घड्याळावर मोजीत. निष्कर्ष असा निघाला: जितका पीळ अधिक तितका विरोध अधिक, लांबी दुप्पट केली तर विरोध निम्मा, पण जाडी दुप्पट केली तर सोळापट! याच पिळाच्या तराजूने १७८५ मध्ये त्यांनी विद्युत्‌भारांमधील बलाचा नियम सिद्ध केला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत ते ब्ल्वाजवळ जाऊन राहिले. १८०६ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या परिचयाच्या जुन्या अॅम्बॅसॅडर मोटारीच्या पुढच्या चाकांचा भार अशाच पिळावर असे. पोलादी दांडीचे एक टोक सांगाड्याला जखडलेले, दुसरे चाकाच्या भुजेला जोडलेले. चाक उचलले की दांडी पिळली जाते. जुन्या मोटारीची अशी दांडी ओळखायची तर टोकाचे दाते मोजावे, डाव्या-उजव्या बाजूची खूण पाहावी आणि जाडी मधल्या गुळगुळीत भागावर, गंज व रंग पुसून, दोनतीनदा मोजावी. चोवीस मिलिमीटरऐवजी पंचवीसची दांडी बसली, तर ताठरपणा सुमारे अठरा टक्क्यांनी वाढतो. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी बसली, तर गाडी कलते.

कैदेनेही ज्यांचे माप बदलले नाही, त्यांचा नियम अंदाजाने वापरू नये.