कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

आपल्या मंडळातील वयस्क भगिनींच्या घरी एके काळी 'स्त्री' मासिक येत असे. ते ज्या किर्लोस्करवाडीहून निघे, त्या गावाची कहाणी म्हणजे एका माणसाने संकटाच्या वेळी धंद्याला कसे वळण दिले त्याची कहाणी आहे.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु रंग ओळखण्यात डोळ्यांचा दोष आढळला आणि ती वाट बंद झाली. मग यंत्रांची रेखाचित्रे शिकून व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत ते शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियनाला दिली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावास आले. थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. १५ रुपये घेऊन ते लोकांना सायकल चालवायलाही शिकवीत!

पण ओढा यंत्रांकडे. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. आज हसू येईल. पण ज्याचे सारे वर्ष एका पेरणीवर अवलंबून, तो नव्या अवजाराला भ्यायला तर त्यात नवल ते काय?

धंदा जरा मार्गी लागतो तोच कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम झाला. बेळगाव नगरपालिकेला तेथे नवी वस्ती वसवायची होती. यंत्रे, माणसे, अर्धवट माल घेऊन जायचे कोठे? औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळजमीन देऊ केली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. १० मार्च १९१० रोजी तेथे मुक्काम पडला. निवडुंगाचे रान, सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची वानवा. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि कामगारांच्या घरच्या बायका या माळावर संसार मांडायला आल्या. कर्त्या पुरुषांच्या चरित्रांत अशा बायकांना एखादी ओळ मिळते; परंतु त्या माळावर चूल पेटली नसती तर भट्टी किती दिवस पेटती राहिली असती, हे आपण गृहिणी चांगले जाणतो. लक्ष्मणरावांनी तेथे कारखान्याबरोबर गावही वसविले. शिवाशिव पाळायची नाही, असा त्या वसाहतीचा रिवाज पाडला. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्यांनाही त्यांनी राखणीच्या कामावर विश्वासाने ठेवले.

पाच वर्षे झाली नाहीत तोच १९१४ चे महायुद्ध पेटले. परदेशी नांगर यायचे थांबले, म्हणून देशी नांगरांना मागणी वाढली. पण नांगर ओतायला लागणारे बीडही विलायतेहूनच येई, तेही थांबले! गिऱ्हाईक दारात आणि भट्टी रिकामी, अशी ही विचित्र अवस्था. तेव्हा लक्ष्मणरावांची नजर गडकोटांवर गंजत पडलेल्या जुन्या तोफांकडे गेली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील तोफा देऊ केल्या. त्या वितळवून त्यांचे नांगर झाले. एकीकडे युरोपात लोखंडाच्या तोफा होत होत्या आणि इकडे तोफांचे फाळ! मला तर त्यांच्या साऱ्या चरित्रात हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. माल मिळत नाही म्हणून कारखान्याला कुलूप लावले असते, तरी त्यांना कोणी नाव ठेवले नसते.

१९२० साली किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी झाली. पुढे जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले. कपाशीवर जगणाऱ्या आपल्या खानदेशाला तो चटका वेगळा सांगायला नको. शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही, मग नांगर घेणार कोण? किर्लोस्करवाडीत पंपांचे काम १९२६ पासून सुरू झालेच होते. आता लोखंडी टेबले, खुर्च्या अशा शहरी गिऱ्हाइकाच्या वस्तूंकडेही कारखाना वळला. 'स्त्री' मासिक निघाले तेही याच कठीण काळात, १९३० साली. पुतणे शंकरराव त्याचे संपादक. दुसऱ्या महायुद्धात परदेशी यंत्रे दुर्मिळ झाली, तेव्हा १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे लेथ तयार करण्याचा कारखाना निघाला. पुण्यास ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ साली उभा राहिला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. तोपर्यंत कुंडल रोड स्टेशन किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाऊ लागले होते. आणि तापीकाठच्या केळीच्या बागांत विहिरीवर मोट ओढणाऱ्या बैलांच्या जागी इंजिनांची धडधड सुरू झाली, तेव्हा त्यांपैकी कितीतरी इंजिनांवर हेच आडनाव ओतलेले होते.