रंग दिसत नव्हते, म्हणून काम थांबलं नाही! लोखंडी नांगर देणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

पुणे-मिरज रेल्वेमार्गावर पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी स्टेशन आहे. पूर्वी याच स्टेशनला कुंडल रोड म्हणायचे. आजूबाजूला माळ होता, निवडुंग होतं, साप-विंचू होते. अशा जागेवर ज्यांनी कारखाना आणि गाव दोन्ही उभं केलं ते लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर. त्यांना बहुतेक लोक मोठे उद्योगपती म्हणून ओळखतात. पण त्यांच्या आयुष्याची सुरुवात पाहिली, तर आधी एक दार बंद झालं, मग दुसरं बंद झालं, असंच दिसतं.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगावजवळच्या गुर्लहोसूर गावचा. शाळेत त्यांचं फारसं लक्ष लागत नसे. आवड दोनच गोष्टींची, चित्रं काढायची आणि यंत्रं खोलून बघायची. त्या काळी पांढरपेशा घरातल्या मुलानं शिकावं आणि सरकारी नोकरी धरावी, अशी रीत होती. वडिलांना चित्रकलेचं हे खूळ पटलं नाही. पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, खर्च उचलला आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

पहिला धक्का

तिथं दोन वर्षांत कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. डोळ्यातच दोष होता. चित्रकाराला रंग कळत नसतील तर पुढं काय? घरच्यांचा विरोध पत्करून आलेला मुलगा, आता कुठल्या तोंडानं परत जाणार? दुसरा कोणी असता तर आपल्या नशिबातच नाही म्हणून गावी परतला असता.

लक्ष्मणरावांनी दोष मान्य केला. रंगकाम सोडलं. पण रेघ मारायला रंग लागत नाही. यंत्रांचे आराखडे काढायचं ड्रॉइंग ते शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. सुट्टीच्या वेळेत ते तिथल्या वर्कशॉपमध्ये जात आणि यंत्रं कशी चालतात ते हातानं शिकत. इंजिनिअरची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती.

दुसरा धक्का

नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. ब्रिटिश अमलात हे नवीन नव्हतं. लोक मनातल्या मनात चरफडायचे आणि पगार घ्यायचे. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात भावांचा सायकलींचा धंदा सुरू झालेला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. हाच किर्लोस्कर ब्रदर्सचा पाया. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे. पण दुसऱ्याचा माल विकण्यात लक्ष्मणरावांचं मन रमेना. आपण स्वतः यंत्र बनवायचं, हे त्यांनी ठरवलं. यंत्र म्हणजे विलायतेतूनच यायचं, आपल्या माणसाच्या हातून ते होणार नाही, असा तेव्हा पक्का समज होता. त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर.

दोन वर्षं एकही नांगर विकला नाही

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंड जमिनीत गेलं की जमीन विषारी होते, असं शेतकरी मानत होते. आज हसू येईल, पण त्या काळच्या शेतकऱ्याचंही चुकलं असं म्हणता येत नाही. पोट त्या जमिनीवर होतं, एक हंगाम बुडाला तर वर्ष बुडालं. लाकडी नांगर वाडवडिलांपासून चालत आलेला. पहिला लोखंडी नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

दोन वर्षं माल पडून राहणं म्हणजे काय, हे धंदा करणाऱ्यालाच कळतं. लक्ष्मणराव थांबले, पण मागं फिरले नाहीत. एकदा नांगर रानात चालला, खालची माती वर आली, तण मुळासकट निघालं, तेव्हा शेतकऱ्यांचा समज हळूहळू गेला.

माळावरचं गाव

जम बसत होता तोच बेळगावच्या नगरपालिकेनं जागा खाली करायला सांगितलं. पुन्हा शून्य. त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर पडीक जमीन आणि भांडवलासाठी कर्ज दिलं. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली.

इथं त्यांनी जी माणसं जमवली, ती बघण्यासारखी आहेत. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले, ते कारखान्याचा सगळा कारभार बघू लागले. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडलेली, ते कल्पक यंत्रकार झाले. दरोड्यात शिक्षा भोगलेल्या दोघांना तर चक्क राखणीचं काम दिलं. ज्यांच्यावर नापास, चोर असा शिक्का बसला होता, त्यांचा शिक्का लक्ष्मणरावांनी वाचलाच नाही. त्याला काय येतं, तेवढंच पाहिलं. स्वतःच्या डोळ्याच्या दोषाकडं त्यांनी जसं पाहिलं, तसंच या माणसांकडं पाहिलं.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईना. कारखाना बंद पडायची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. पुढं उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पाण्याचे पंप याच माळावर तयार झाले. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं.

आज आपल्या गावागावांत पोरं भरतीची वाट बघत बसलेली आहेत. दोनदा नापास झाला, वय निघून गेलं, इंग्रजी येत नाही, हे आपल्याला जमणार नाही, अशी वाक्यं रोज कट्ट्यावर ऐकू येतात. त्यातली काही खरीही असतात. लक्ष्मणरावांना रंग दिसत नव्हते, हेही खरंच होतं. पण त्यामुळं फक्त चित्रकाराचं काम बंद झालं, बाकी सगळी कामं उघडीच होती. आपलं नेमकं कुठलं काम बंद झालंय आणि कुठलं अजून उघडं आहे, एवढा हिशेब प्रत्येकानं एकदा मांडून बघायला हरकत नाही.