हायमोर यांची पोकळी

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात एक बाई घाबऱ्याघुबऱ्या डॉ. नॅथॅनिएल हायमोर यांच्याकडे आल्या. वरच्या जबड्याच्या दुखण्यापायी त्यांनी एकेक करत बरेच दात काढून घेतले होते. शेवटी सुळा काढला, तेव्हा त्याच्याबरोबर हाडाचा पातळ पापुद्राही निघाला आणि त्या भोकातून सतत पाणी झिरपू लागले. हे येते कुठून, म्हणून बाईंनी आत चांदीची सळई घातली. ती पार डोळ्याच्या दिशेने गेली. मग पक्ष्याचे पीस तासून त्याची काडी आत सारली. ती जातच राहिली. काडी मेंदूत पोचली, असे वाटून बाईंचे धाबे दणाणले.

भीती अगदीच वेडगळ नव्हती. नाकातला शेंबूड मेंदूतूनच गळतो, असे त्या काळी शिकलेले वैद्यही मानत. पण काडी मेंदूत गेलीच नव्हती. गालाच्या हाडातल्या पोकळीत ती वेटोळे घालून बसली होती. हायमोर यांना ती पोकळी ठाऊक होती, म्हणून ते बाईंना धीर देऊ शकले.

हायमोर यांचा जन्म 1613चा, हॅम्पशायरमधल्या फोर्डिंगब्रिजचा. वडील धर्मोपदेशक. शाळा शेरबर्नला, पुढचे शिक्षण ऑक्सफर्डला. 1642मध्ये यादवी युद्ध पेटले, राजा पहिला चार्ल्स ऑक्सफर्डला मुक्कामाला आला आणि त्याच्याबरोबर राजवैद्य विल्यम हार्वेही. रक्त शरीरात फिरते, हे हार्वे यांनी 1628मध्ये मांडले होते. अनेक वैद्यांना ते पटलेले नव्हते. तरुण हायमोर यांनी हार्वे यांच्या सहवासात अंड्यातल्या पिल्लाची वाढ अभ्यासली. 1651मध्ये हेग येथे त्यांचा शरीररचनेचा ग्रंथ निघाला, तो हार्वे यांनाच अर्पण केलेला. रक्ताभिसरण मान्य करून लिहिलेला शरीररचनेचा हा पहिला पाठ्यग्रंथ मानला जातो. खरे तर हायमोर यांचे मोठे काम हे. पण नाव राहिले ते त्याच ग्रंथात वर्णिलेल्या पोकळीमुळे. लिओनार्दो दा विंचीने 1489च्या सुमारास तिचे सुरेख चित्र काढले होते, ते वह्यांतच पडून राहिले.

मेंदूतून शेंबूड येतो, ही समजूत 1660च्या सुमारास विटेनबर्गच्या कॉनराड श्नायडर यांनी खोडून काढली. तो नाकाच्या आतल्या अस्तरातून येतो, हे त्यांनी दाखवले. सायनसच्या अस्तराला आजही त्यांचेच नाव आहे.

मोठ्या माणसात या पोकळीत साधारण 15 मिलिलिटर, म्हणजे तीन चमचे पाणी मावेल. वरच्या दाढांची मुळे तिच्या तळाला जवळजवळ टेकलेली असतात. दाढ काढली की खालून हाड झिजते आणि वरून पोकळी खाली उतरते. मग इम्प्लांटचा स्क्रू बसवायला हवे असलेले 8-10 मिलिमीटर हाड उरत नाही. कधी तीन-चारच उरते.

त्यावरचा उपाय म्हणजे सायनस लिफ्ट. अमेरिकेत हिल्ट टेटम यांनी 1970च्या दशकात ही शस्त्रक्रिया सुरू केली आणि 1980मध्ये बॉइन व जेम्स यांनी ती शोधनिबंधातून मांडली. गालाकडच्या हाडाला छोटी खिडकी पाडून अस्तर न फाडता वर उचलायचे, खालच्या जागेत हाडाची भुकटी भरायची आणि पक्के हाड तयार व्हायला साधारण सहा महिने थांबायचे. अस्तर सहसा एक मिलिमीटरहूनही पातळ असते. ते फाटणे ही यातली सर्वांत नेहमीची अडचण. बहुतेकदा तिथल्या तिथे दुरुस्त होणारी. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि ज्यांचे सायनस सारखे भरते त्यांनी ते आधीच डॉक्टरांना सांगावे. आणि हो, यात मेंदूजवळ कुणी जात नाही. ही शंका आजही विचारली जाते; ती विचारायला लाजू नये.

हायमोर यांनी पुढचे सारे आयुष्य शेरबर्नमध्येच वैद्यकी केली. 1660मध्ये हिस्टेरियावर ग्रंथ लिहिला आणि त्यावरून मेंदूचे मोठे अभ्यासक टॉमस विलिस यांच्याशी त्यांचा वाद रंगला. धर्मोपदेशकांकडून ते फी घेत नसत, असे सांगतात. 1685मध्ये ते वारले. वडील जिथे धर्मोपदेशक होते, त्या पर्स कॉन्डल गावच्या चर्चमध्ये त्यांना पुरले.