विद्यासागरांची औषधाची पेटी

सासूबाईंच्या कपाटात खालच्या कप्प्यात एक लाकडी पेटी असायची. आत बोटभर उंचीच्या बाटल्या आणि प्रत्येकीवर त्यांच्या वळणदार अक्षरातलं नाव. अपचन झालं की नक्स व्होमिका, मळमळीबरोबर खोकल्याची उबळ आली की इपिकॅक, पोट फुगलं की कार्बो व्हेज. साबुदाण्याएवढ्या चार गोड गोळ्या जिभेवर ठेवायच्या, की झालं. पोरंही कुरकुर करायची नाहीत. त्या गेल्या आणि पेटी माझ्याकडे आली, वस्तीतल्या कामाबरोबर माझ्या पिशवीतून फिरूही लागली.

या पेटीमुळेच मी ईश्वरचंद्र विद्यासागरांबद्दल वाचायला घेतलं. शाळेत आपण त्यांना एका ओळीत शिकलो, विधवाविवाहाचा कायदा करवून घेणारे बंगाली पंडित. पण हा माणूस उतारवयात औषधाची पेटी घेऊन खेडोपाडी फिरत होता, हे मला कुठं ठाऊक होतं!

२६ सप्टेंबर १८२० रोजी बंगालमधल्या बीरसिंह गावी गरीब घरात त्यांचा जन्म झाला. वडिलांबरोबर कोलकात्याला पायी जाताना रस्त्यातल्या मैलाच्या दगडांवरून ते इंग्रजी आकडे शिकले, असं सांगतात. संस्कृत कॉलेजात शिकून त्यांनी विद्यासागर ही पदवी मिळवली आणि १८५१ साली त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. बंगाली मुलं अजूनही गिरवतात ते ‘वर्णपरिचय’ १८५५ सालचं. पुढच्याच वर्षी, जुलै १८५६ मध्ये, विधवाविवाहाचा कायदा झाला. कायद्यावर थांबले नाहीत, स्वतः कर्ज काढून लग्नं लावून दिली. आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडितांनी त्यांचं या विषयावरचं पुस्तक मराठीत आणलं. मुलींसाठी त्यांनी पस्तीस शाळा काढल्या. सरकारनं पैसे द्यायला खळखळ केली, तेव्हा १८५८ मध्ये नोकरीचा राजीनामा दिला.

मग १८६६ साल उजाडलं. मुलींची एक शाळा पाहून परतताना उत्तरपाड्याजवळ त्यांची घोडागाडी उलटली. यकृताला मार बसला आणि पोटाचं दुखणं जन्माचं मागे लागलं. मैत्रिणींनो, सतत पोट दुखणारा माणूस घरात कसा वागतो ते आपण जाणतो. या माणसानं मात्र दुसऱ्यांची दुखणी हाती घेतली. डोकेदुखीवर त्यांना राजेंद्रलाल दत्त यांच्या होमिओपॅथीनं आराम पडला होता. मग स्वतःच पुस्तकं आणून शिकले. ॲलोपॅथीचे नामांकित डॉक्टर महेंद्रलाल सरकार १८६७ मध्ये होमिओपॅथीकडे वळले, त्यामागेही विद्यासागरांचा आग्रह होता म्हणतात. दम्याची तर एक आख्यायिकाच आहे. एकदा चहा प्यायल्यावर त्यांचा दमा हलका झाला, किटलीत पाहिलं तर झुरळ! त्यावरून दम्याचं औषध निघालं म्हणे. खरंखोटं देव जाणे, पण झुरळापासून केलेलं ब्लाटा ओरिएंटॅलिस नावाचं औषध होमिओपॅथीत आहे खरं.

१८७३ च्या सुमारास, आप्तांच्या वागण्यानं आणि शहरी भद्र समाजाच्या कृतघ्नतेनं विटून ते संथाळांच्या मुलखात, करमाटारला घर घेऊन राहू लागले. मुलाशीही इतकं बिनसलं, की १८७५ च्या मृत्युपत्रातून त्याला वगळलं. करमाटार आज झारखंडच्या जामतारा जिल्ह्यात येतं. हो, फोनवरून फसवणाऱ्यांमुळे कुप्रसिद्ध झालेलं तेच जामतारा! तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव मात्र विद्यासागर आहे.

पुढे मोठे विद्वान झालेले हरप्रसाद शास्त्री तरुणपणी तिथं राहून आले होते. त्यांनी लिहून ठेवलंय, की सकाळी संथाळ मक्याची कणसं विकायला येत. विद्यासागर सांगेल त्या भावानं सगळी घेत. दुपारी तीच माणसं भुकेली येत, तेव्हा तीच कणसं त्यांना खायला देत. एका पोराच्या नाकातून रक्त वाहतंय कळलं, तर औषध घेऊन भल्या सकाळी पायी गेले. सफाई काम करणाऱ्याच्या बायकोला कॉलरा झाला, तर दिवसभर तिच्या उशाशी बसून राहिले. त्या काळचे पंडित, ब्राह्मण, कॉलेजचे माजी प्राचार्य!

इथं मी वाचता वाचता थांबले. कारण माझ्या पिशवीतल्या पेटीची गोष्ट एवढी सरळ नाही. काही वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका बाळाला खोकला आणि ताप होता. त्याच्या आईला मीच गोळ्या दिल्या. दोन दिवसांनी गेले, तर बाळ भराभर श्वास घेत होतं, श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत होता. न्यूमोनिया! सरकारी दवाखान्यात आठ दिवस काढून ते वाचलं. ते दोन दिवस माझ्या नावावर आहेत. ती आई मला काही बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्येच बजावलंय, की क्षयरोग, मलेरिया आणि लहान बाळांचे जुलाब यांवर होमिओपॅथीच्या भरवशावर राहू नका. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये सगळे अभ्यास तपासले, तर एकाही आजारावर खात्रीचा पुरावा सापडला नाही. विद्यासागरांच्या काळात कॉलऱ्यावर कुणाकडेच धड उपाय नव्हता, तेव्हा उशाशी बसणं हेच मोठं औषध होतं. पण जिथं उपाय होता तिथं त्यांनी तो सोडला नाही. बरद्वान भागात हिवतापाची साथ आली, तेव्हा त्यांनी दवाखाना उघडून क्विनाईनच वाटलं.

२९ जुलै १८९१ रोजी ते गेले. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, १९७१ मध्ये, त्याच बंगालमध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले. विद्यासागर असते, तर त्यांच्या पेटीत पहिली जागा त्या पुडीला मिळाली असती, असं मला वाटतं.

सासूबाईंची पेटी अजून माझ्याकडे आहे, आठवण म्हणून. वस्तीत मात्र ओआरएसच्या पुड्या घेऊन जाते. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रत्येक आईला पाठ करून घेते. आणि बाळाचा श्वास भराभर चालला, छाती आत ओढली गेली, तर गोळी नाही की काढा नाही, सरळ रिक्षा. रिक्षात तिच्या शेजारी मी बसते. विद्यासागरांकडून घ्यायचं ते हेच, नाही का?