डॉ. शांतिस्वरूप भटनागर

आपल्या वऱ्हाडात डिंक म्हटला म्हणजे मुलांस हिवाळ्यातील लाडू आठवतात. परंतु ह्याच साध्या पदार्थाच्या साह्याने एका भारतीय शास्त्रज्ञाने खनिज तेलाच्या विहिरींवरील मोठे विघ्न दूर केले, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. शांतिस्वरूप भटनागर होत.

त्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबातील भेरा ह्या गावी झाला. ते अवघे आठ महिन्यांचे असताना त्यांचे पितृछत्र हरपले आणि आईच्या माहेरी त्यांचे संगोपन झाले. आजोबा इंजिनिअर असल्यामुळे यंत्रांची गोडी त्यांस बालपणीच लागली. लाहोर येथील फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकून ते विलायतेस गेले व १९२१ साली लंडन विश्वविद्यालयाची डी. एस्‌सी. पदवी मिळवून परतले. काशी येथे काही वर्षे अध्यापन केल्यावर १९२४ साली ते लाहोरास प्राध्यापक झाले.

त्या काळी पंजाबात अटक ऑइल कंपनी तेलासाठी जमीन खोदीत असे. तेलाची विहीर खोदताना नळातून पातळ चिखल एकसारखा खाली सोडावा लागतो. तो खोदण्याचे हत्यार थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर आणतो आणि आपल्या भाराने भूगर्भातील वायूस दाबून धरतो. परंतु तेथे खोलवर खारे पाणी लागे व त्याचा स्पर्श होताच चिखल घट्ट होऊन बसे. मग पुढील काम अडे. कंपनीने हा प्रश्न भटनागरांपुढे ठेवला. चिखलातील मातीचे सूक्ष्म कण विद्युद्भारामुळे परस्परांपासून दूर राहतात. क्षारांमुळे तो भार निष्फळ होऊन ते एकत्र गोळा होतात, हे त्यांनी ओळखले. त्यांनी चिखलात देशी डिंक मिसळला. तेव्हा खाऱ्या पाण्यातही चिखल पातळ व वाहता राहिला!

कंपनीच्या चालकांनी संतुष्ट होऊन त्यांस संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. ती रक्कम स्वतःच्या हाती न घेता ती विश्वविद्यालयास द्यावी, असे त्यांनी सुचविले. त्यातून लाहोरास खनिज तेलाच्या संशोधनाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि अनेक तरुणांस संशोधनाची वाट मोकळी झाली.

१९४१ साली त्यांस ‘सर’ हा किताब मिळाला व १९४३ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे पहिले संचालक ह्या नात्याने त्यांनी देशभर प्रयोगशाळा उभारल्या. १९५० साली उघडलेली पुण्याची राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा त्यांपैकीच एक होय. १ जानेवारी १९५५ रोजी त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, डिंक व चिखल ह्या वस्तू क्षुद्र खऱ्याच. परंतु जिज्ञासू दृष्टीस त्यांतही शास्त्र दिसले. आणि हाती आलेले धन ज्याने विद्येच्या हवाली केले, त्याचे नाव शास्त्रज्ञांस दरवर्षी मिळणाऱ्या पारितोषिकाच्या रूपाने पुढेही दीर्घकाळ घेतले गेले. आपल्या ज्ञानाचा लाभ इतरांस व्हावा, हाच धडा आपण ह्या चरित्रातून घ्यावा.